नकाशा उघडायला १६ जीबी का लागावी? आपल्या मार्गशोधक प्रकल्पाच्या मेंटेनर मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

येत्या रविवारी दादरला आपली बैठक आहे. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय माझा आहे: मार्ग शोधणाऱ्या आपल्या जावा इंजिनात प्रिमिटिव्ह कलेक्शन्सची, म्हणजे साधे आकडे कमी मेमरीत साठवणाऱ्या तयार कोडची, लायब्ररी आणायची की नाही. वरवर पाहता हा कोड लिहिणाऱ्यांचा आपसातला प्रश्न वाटतो. मला तो तसा वाटत नाही, म्हणून बैठकीआधी हे लिहितोय. निर्णय तुम्हा पाच मेंटेनरांचा, म्हणजे कोडमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्यांचा, असला तरी पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून खुलं ठेवलंय.

जूनमध्ये आपण एका कॉलेजच्या लॅबमध्ये नव्या मुलांसाठी रविवारची कार्यशाळा घेतली होती. बाहेर धो धो पाऊस, तरी सव्वीस मुलं आली. बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं, सगळ्यांचं झालं. मग नकाशाची फाइल वाचायला घेतली आणि एकेक मशीन बसायला लागलं. लॅबमधली मशीन ४ जीबीची, मुलांचे स्वतःचे लॅपटॉपही बहुतेक तसलेच. पंखे घोंघावू लागले, माउस हलेना, आणि दहा-बारा मिनिटांनी एकामागून एक पडद्यांवर तीच ओळ उमटली: आउट ऑफ मेमरी. विरारहून आलेली एक मुलगी येताना वहीत लिहून घेऊन आली होती की, तिच्या घराजवळचा पादचारी पूल आपलं इंजिन विचारातच घेत नाही आणि पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्या माणसाला लांबचा वळसा घालायला लावतं. तिला तेवढंच दुरुस्त करायचं होतं. तिनं विचारलं, "सर, याला रॅम किती लागते?" मी म्हटलं, "सोळा असेल तर बरं." तिनं वही मिटून बॅगेत ठेवली.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्या पुलावरून ती रोज चालते त्याची माहिती आपल्यापैकी कुणाहीपेक्षा तिला जास्त आहे, आणि आपण तिला रॅमचं कारण सांगून परत पाठवलं. दोष तिच्या मशीनचा नव्हता. हिशेब मांडून दाखवतो.

जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या जेव्हीएमला आपण काही सांगितलं नाही, तर ते मशीनच्या एकूण मेमरीच्या एक चतुर्थांशापर्यंतच हीप, म्हणजे प्रोग्रामला माहिती ठेवायला मिळणारी जागा, वाढू देतं. म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर १ जीबी. या १ जीबीत आपण काय भरतो? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या फाइलमध्ये रस्त्यावरचा प्रत्येक बिंदू हा एक नोड असतो आणि त्याला क्रमांक असतो. हे क्रमांक २०१३ सालीच जावाच्या ३२ बिटांच्या इंटमध्ये मावेनासे झाले, म्हणून ते ६४ बिटांच्या लाँगमध्येच ठेवावे लागतात. आपण अशा दोन मोठ्या वह्या ठेवतो. पहिली: कोणता नोड किती रस्त्यांत येतो याची मोजणी, कारण एकाहून जास्त रस्त्यांत आलेला नोड म्हणजे चौक. दुसरी: नोडचा मूळ क्रमांक दिला की आपला आतला अनुक्रमांक मिळावा यासाठी. दोन्ही आज जावाच्या साध्या हॅशमॅपमध्ये आहेत. हॅशमॅप म्हणजे ‘की’ (ज्यावरून शोधायचं ते) दिल्यावर तिची किंमत देणारा तक्ता; इथे ‘की’ लाँग आणि किंमत इंटिजर.

जावाच्या पाचव्या आवृत्तीत, २००४ साली, जेनेरिक्स (कलेक्शनमध्ये कोणत्या प्रकारच्या वस्तू ठेवायच्या ते लिहायची सोय) आले आणि त्यांच्यासोबत ऑटोबॉक्सिंग आलं. कलेक्शनमध्ये फक्त ऑब्जेक्ट ठेवता येतात, नुसता आकडा ठेवता येत नाही. म्हणून आकडा गुपचूप डब्यात घातला जातो. हॉटस्पॉट या नेहमीच्या ६४ बिटांच्या जेव्हीएमवर, ३२ जीबीहून लहान हीपमध्ये, ४ बाइटचा इंट डब्यात गेला की १६ बाइटचा होतो: १२ बाइट हेडर आणि ४ बाइट आकडा. ८ बाइटचा लाँग २४ बाइटचा होतो, कारण १२ आणि ८ मिळून २०, आणि ऑब्जेक्टचं माप ८ च्या पटीत असावं लागतं. त्यावर हॅशमॅप प्रत्येक नोंदीसाठी स्वतःचा एक ३२ बाइटचा ऑब्जेक्ट करतं आणि त्याचा पत्ता ४ बाइटच्या खणात ठेवतं. पोत्यात भरायचे शेंगदाणे एकेक करून स्टीलच्या डब्यात घालावेत, प्रत्येक डब्याला पत्त्याची चिठ्ठी लावावी आणि डबे शहरभर कुठेही ठेवून द्यावेत, असा हा प्रकार आहे.

हिशेबाला सोपं जावं म्हणून ५० लाख नोड धरू. अनुक्रमांकाच्या वहीत प्रत्येक नोंदीला ३२ अधिक २४ अधिक १६, म्हणजे ७२ बाइट; एकूण ३६० एमबी. हॅशमॅपचा तक्ता दुपटीनं वाढत वाढत ८३,८८,६०८ खणांवर येऊन थांबतो, त्याचे आणखी साधारण ३४ एमबी. झाले ३९४. मोजणीच्या वहीत थोडी सूट मिळते: उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे डबे जावा आधीच करून ठेवतं आणि मोजणी क्वचितच त्यापुढे जाते, त्यामुळे तिथे १६ बाइट वाचतात. तरीही ३१३ एमबी. दोन वह्यांचे मिळून ७०० एमबीच्या वर. रस्त्यांची नावं, अंतरं, वळणबंदी, बसथांबे हे सगळं अजून यायचंच आहे आणि एकूण जागा १ जीबी. लॅबमध्ये जे घडलं ते घडणारच होतं. आत खरी माहिती किती होती? १२ बाइटच्या ५० लाख जोड्या, म्हणजे एका वहीचे ६० एमबी.

आता माझ्या प्रस्तावातली अशी गोष्ट, जी आधीच्या चर्चेत मी नीट मांडली नव्हती. दुसऱ्या वहीला लायब्ररी लागतच नाही. आपण जी फाइल वाचतो त्यात नोड क्रमांकानुसार चढत्या क्रमानं येतात. मग ते क्रमांक नुसत्या लाँगच्या ॲरेत ओळीनं ठेवावेत. ॲरेतली जागा हाच आतला अनुक्रमांक, आणि शोधायचं तर बायनरी सर्च, म्हणजे दरवेळी निम्मा भाग वगळत जाणं. ५० लाख गुणिले ८, म्हणजे ४० एमबी. ३९४ च्या जागी ४०, आणि एकही नवी डिपेंडन्सी (बाहेरच्या कोडवरचं अवलंबन) नाही. हे मला प्रस्ताव मांडल्यानंतर सुचलं, याचं वाईट वाटतं. आधी सुचलं असतं तर निम्मी चर्चा वाचली असती.

पहिल्या वहीचं तसं होत नाही. रस्ते वाचताना नोड कोणत्याही क्रमानं समोर येतात आणि प्रत्येक वेळी मोजणी वाढवायची असते. तिथे हॅश टेबलच हवं, पण आकडे उघडेच ठेवणारं. एक लांब ॲरे कीचा, एक किमतींचा. आपला खण भरलेला असेल तर शेजारच्या खणात बघायचं, तोही भरलेला असेल तर त्याच्या शेजारी. चाळीत नव्या माणसानं पत्ता विचारला की गॅलरीतून एकेक दार पुढे सरकत जावं, तसं. याचा वेगालाही फायदा होतो. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी साधारण ६४ बाइटचा पट्टा उचलतो, त्यात आठ लाँग शेजारी-शेजारी येतात. डब्यांच्या पद्धतीत दर शोधाला आधी खण, मग नोंद, मग की असा तीन ठिकाणी प्रवास होतो आणि ती ठिकाणं एकमेकांजवळ असतीलच असं नाही. तितक्याच ८३,८८,६०८ खणांचं उघडं टेबल १२ बाइटच्या हिशेबानं साधारण १०१ एमबीत बसतं. म्हणजे दोन्ही वह्या मिळून ७०० च्या जागी १४१.

लायब्ररी लागेल अशी आणखी एकच जागा आहे: प्रत्यक्ष मार्ग शोधताना भेट दिलेल्या नोडांची अंतरं. प्रत्येक विचारणेला तिथे हजारो डबे तयार होतात आणि उत्तर मिळताच फेकून दिले जातात. आपला सर्व्हर कुणीतरी प्रेमानं दिलेलं २ जीबीचं मशीन आहे. संध्याकाळच्या गर्दीत हे फेकलेले डबे गोळा करणारा गार्बेज कलेक्टर वरचेवर मध्ये येतो तो यामुळेच.

बाकी कशालाही हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. लोकलचं वेळापत्रक जसं आहे तसंच राहू द्या. पश्चिम, मध्य आणि हार्बर मिळून रोज ३,००० हून जास्त फेऱ्या होतात. प्रत्येकीला ३० थांबे धरले तरी लाखभर ओळी. तेवढं कुठेही मावतं. तिथले वेळांचे आकडे तर आधीच साध्या इंटच्या ॲरेत आहेत, मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचे २४:३० हे आपण ८८,२०० सेकंद म्हणूनच ठेवतो. स्थानकांची नावं, जुन्या एल्फिन्स्टन रोडवरून प्रभादेवीकडे नेणारी यादी, दादरच्या फलाटांचे जुने-नवे क्रमांक, हे सगळं हॅशमॅपमध्येच वाचायला चांगलं दिसतं. बसच्या ताज्या जागा प्रोग्रामचे अनेक थ्रेड (समांतर चालणारे भाग) एकाच वेळी लिहितात, तिथे त्यासाठीच बनवलेलं कॉन्करंट हॅशमॅपच हवं.

आता लायब्ररी कोणती. ट्रोव्ह बरीच जुनी आणि एके काळी सगळीकडे होती, पण तिचा परवाना जास्त अटींचा एलजीपीएल आहे आणि आपण अपाची २.० या सैल परवान्यावर आहोत. तो गुंता नको. एक्लिप्स कलेक्शन्स उत्तम आहे. गोल्डमन सॅक्सनं ती २०१२ मध्ये खुली केली आणि पुढे ती एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली. पण ती कलेक्शन्सबद्दल विचार करण्याची एक संपूर्ण पद्धतच सोबत आणते आणि आपल्याला दोन टेबलं हवी आहेत. फास्टयुटिल आणि एचपीपीसी, या दोघींत मी बरेच दिवस अडकलो होतो. फास्टयुटिल मिलान विद्यापीठातल्या सेबास्तियानो विन्या यांची. ती जावाच्या नेहमीच्या मॅप आणि लिस्टच्या इंटरफेसमध्ये चपखल बसते, म्हणून अनेकांना ती आवडते. माझी अडचण नेमकी तीच आहे. कुणी घाईत व्हेरिएबलचा प्रकार साधा मॅप लिहिला की सगळं चालतं, टेस्ट हिरव्या राहतात आणि डबे गुपचूप परत येतात. अशा वेळी कंपायलर इशाराही देत नाही; तो इशारा देतो फक्त फास्टयुटिलच्याच प्रकारावर डबे वापरले तर, आणि आपल्या बिल्डमध्ये इशारे किती जण वाचतात हे आपण सगळेच जाणतो. शिवाय पूर्ण जार (जावा लायब्ररीची फाइल) २० एमबीच्या वर जातो. एचपीपीसी पोलंडच्या कॅरट सर्चची, परवाना अपाची २.०, आकारानं लहान. तिचे मॅप जावाच्या मॅपसारखे वागत नाहीत आणि वागायचा आवही आणत नाहीत. चुकून व्हेरिएबलचा प्रकार साधा मॅप लिहिला तर कोड कंपाइलच होत नाही. आपल्यासारख्या, सुट्टीच्या दिवशी कोड लिहिणाऱ्या लोकांच्या प्रकल्पाला ही शिस्त हवी आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर चालणारं ग्राफहॉपर इंजिन ट्रोव्ह सोडून एचपीपीसीकडे गेलं, हेही माझ्या मनात आहे.

तोटे लपवत नाही, कारण त्यातले दोन मी स्वतः भोगलेत.

पहिला शून्याचा. हॅशमॅपमध्ये नसलेली की मागितली तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतो आणि चूक लगेच उघडी पडते. इथे नल हा प्रकारच नाही. नसलेल्या कीला उत्तर येतं शून्य. आपल्या माहितीत शून्य हा खरा अनुक्रमांक आहे, तो चर्चगेटचा. माझ्या पहिल्या शाखेत (बदल करून पाहायच्या कोडच्या वेगळ्या प्रतीत) ज्या बसथांब्यांचा नोड सापडला नाही ते सगळे मुकाट्यानं चर्चगेटला जाऊन चिकटले. भांडुपच्या थांब्यावरून पायी शून्य मिनिटांत चर्चगेट असं उत्तर आलं. आपल्यातल्या एका सहकाऱ्यानं रिव्ह्यूमध्ये ते पकडलं, त्याचे मनापासून आभार. आता प्रत्येक ठिकाणी, सापडलं नाही तर उणे १ द्यायचं, असं स्पष्ट लिहिलंय आणि त्यावर टेस्ट आहे.

दुसरा क्रमाचा. एचपीपीसी आपल्या टेबलांचा आतला क्रम मुद्दाम दरवेळी वेगळा ठेवते. त्याला कारण आहे. एका टेबलातल्या नोंदी त्याच क्रमानं दुसऱ्या लहान टेबलात ओतल्या, तर त्या सगळ्या एकाच कोपऱ्यात दाटतात. सकाळी दादरला दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम लागल्या आणि सगळ्यांनी एकच जिना धरला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तसंच इथे घडतं आणि काम संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातं. क्रम वेगवेगळा ठेवला की गर्दी पांगते. पण यामुळे आपल्या अकरा टेस्ट कधी पास, कधी फेल व्हायला लागल्या. शोधल्यावर कळलं की कुर्ल्याहून वांद्र्याला सारख्याच मिनिटांचे दोन बसमार्ग निघत होते आणि त्यांतला कोणता द्यायचा हे आपण कुठेच ठरवलेलं नव्हतं. जुन्या हॅशमॅपमध्ये लहान इंटिजर योगायोगानं चढत्या क्रमानं बाहेर येत, त्यावर आपण इतकी वर्षं विसंबून होतो. क्रम कायम ठेवायची सोय लायब्ररीच्या जुन्या ०.८ आवृत्तीत होती आणि ग्राफहॉपरनं ती वापरली. तरी मी बरोबरी सोडवण्याचा नियमच लिहिला: आधी कमी बदल, मग कमी चालणं. दादरचा जिना चढणाऱ्या आजीसाठी तो नियम लायब्ररी आली नाही तरी ठेवा.

एक बारीक सूचना: पुढे जात असताना नोंदी एकेक दाखवणारा एचपीपीसीचा कर्सर तोच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा वापरतो. तो यादीत जपून ठेवला की शेवटी यादीभर एकच आकडा दिसतो. रिव्ह्यू करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता तुमच्या आक्षेपांकडे येतो. नव्या मुलांना हा कोड वाचता येईल का, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण मी हे पत्र त्याच मुलांसाठी लिहितोय. म्हणून लायब्ररीचा एकही प्रकार आपल्या सार्वजनिक इंटरफेसमध्ये येऊ नये, असं मी सुचवतो. नोड मोजणारा एक वर्ग आणि अंतरं ठेवणारा एक वर्ग, दोन्ही आपले, आणि लायब्ररी फक्त त्यांच्या पोटात. पूल दुरुस्त करणाऱ्या मुलीला ती आहे हे कळायचीही गरज नाही. इलास्टिकसर्च या शोधयंत्रानं एचपीपीसी अनेक वर्षं वापरली आणि पुढे टप्प्याटप्प्यानं काढून टाकली. काढायची वेळ आपल्यावरही येऊ शकते. आली तर दोन फाइली बदलून काम व्हावं.

लायब्ररी सांभाळणारे उद्या थांबले तर? परवाना अपाची आहे, लागणारे वर्ग उचलून आपल्याकडे ठेवता येतील. अपाची ल्युसीन या शोधाच्या लायब्ररीनं स्वतःच्या गरजेपुरते एचपीपीसीचे वर्ग असेच आत घेतले आहेत.

वाल्हाला, म्हणजे जावातच डब्यांचा खर्च कमी करू पाहणारा प्रकल्प, येईपर्यंत थांबू, असंही कुणी म्हणालं. तो प्रकल्प सुरू झाला २०१४ मध्ये, त्याच वर्षी जूनमध्ये आपली पहिली मेट्रो वर्सोवा ते घाटकोपर धावली. वाल्हाला पूर्णपणे हाती येईल तेव्हा मी सगळ्यांत आधी हा कोड पुसायला बसेन. पण या जूनमधली सव्वीस मुलं तोवर थांबणार नाहीत.

आणि "रॅम काय, आजकाल स्वस्त झालीय." हे ज्यांनी म्हटलं त्यांच्याकडून मी जावा शिकलो, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी या एका बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पगार असलेल्या माणसाला ती स्वस्त आहे. लॅबमधल्या मशीनमध्ये रॅम घालायची तर कॉलेजला टेंडर काढावं लागतं, आणि मोठ्या भावाकडून आलेल्या लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते.

माझी मागणी लायब्ररीपासून सुरू होत नाही. आपल्या सीआयमध्ये, म्हणजे दर बदलाला आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत, एक टेस्ट घाला, जी १ जीबीच्या हीपमध्ये मुंबई आणि उपनगरांचा पूर्ण नकाशा वाचून एक मार्ग काढून दाखवते. ती आज लाल, म्हणजे नापास, होईल. लाल असतानाच ती मुख्य कोडमध्ये मर्ज करा आणि ती हिरवी होईपर्यंत नवं वैशिष्ट्य घेऊ नका. सॉर्टेड ॲरेचा बदल वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल घेण्याच्या विनंतीत) आहे, तो लगेच घेता येईल. एचपीपीसीचा बदल त्यानंतर, फक्त दोन वर्गांत, जोडीला जेएमएच या वेग मोजणाऱ्या साधनाची मोजमापं. मोजमापांत फरक दिसला नाही तर माझा प्रस्ताव मी स्वतः बंद करेन.

रविवारी मी लॅबमधलंच एक ४ जीबीचं मशीन मागून आणतोय. शाखा त्यावर सगळ्यांसमोर चालवू. विरारच्या त्या मुलीला मी मेल केली होती, ती यायला तयार आहे. तिची गाडी दादरला साडेअकराच्या सुमारास पोहोचते, तेव्हा चौथा विषय त्याआधी घेऊ नये, एवढी विनंती.

आपला,
एक योगदाता
भांडुप, मुंबई